वीतभर रेलकार
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मालवणात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर कुडाळ गाठायचं. म्हणून मी ती घरातच आणली, असं आमची सौ. म्हणते. बँकेतून निवृत्त झाल्यावर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं, आणि नाद लागला.

रेलकारला वेगळं इंजिन नसतं, डब्यातच मोटर. माझी रेलकार खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, वीतभर. दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, वीज १२ व्होल्ट. ती एका रुळातून चाकावाटे मोटरला जाते, दुसऱ्यातून परत येते. मधे घाण आली की गाडी ठप्प! आणि आपली हवा खारी. चाकं रुळाला नीट टेकावीत म्हणून मी डब्यात गळाचं शिसं ठेवलं. परदेशी रंग खरवडून निळा दिला, खिडक्यांना बारीक तारेचे आडवे गज लावले. त्याशिवाय ती आपली वाटेना.

गेल्या गणपतीत हॉलमध्ये ती मधेच थांबली. एका मुलाने बोट लावलं होतं. मी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडलो. रात्री पाहतो तर चाकांवर काळा थर. स्पिरिटने पुसली, धावली. पोराचा दोष नव्हताच. बँकेत एका रुपयाची चूकही त्याच दिवशी दुरुस्त करायचो. हे सांगायला मात्र वर्ष लावलं. तो अजून माझ्याकडे फिरकलेला नाही.

झिला, दुसरी रेलकार रंगवायची राहिली आहे. रंग तू ठरव. रविवारी सकाळी ये.