मीरसाहेब लंडनहून आले होते



‘रंगभूमी आणि चित्रपट गाजवलेल्या एखाद्या ब्रिटिश नटाचं चरित्र’ असा विषय तुमच्या लखनौच्या संयोजकांनी या व्याख्यानासाठी कळवला. त्यांच्या मनात बहुधा लॉरेन्स ऑलिव्हिए असावा. मी नाव कळवलं सईद जाफरी. उलट टपाली शंका आली, हे गृहस्थ ब्रिटिश कसे?

शंका रास्त आहे. जन्म पंजाबातल्या मालेरकोटल्याचा, ८ जानेवारी १९२९चा. एम.ए.पर्यंतचं शिक्षण तुमच्या तेव्हाच्या संयुक्त प्रांतातलं. पण नट म्हणून बस्तान बसलं ते लंडनमध्ये, १९९५ साली ‘ओबीई’ दिली ती राणीच्या सरकारने, आणि डोळे मिटले तेही लंडनमध्येच. शिवाय कोण कुठला हा हिशोब निदान या शहरात तरी मांडू नये. कैसरबागेत वाजिद अली शाहचा परीखाना होता, तिथे आज आपल्या वाळकेश्वरच्या एका वकिलाच्या, विष्णु नारायण भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ उभं आहे. लखनौ माणसाचं गाव विचारत नाही, जीभ तपासते. सईद जाफरींची जीभ लखनौने पास केली होती, आणि मला आज बोलायचंय ते त्या जिभेविषयीच.

ती घडली वडिलांच्या बदल्यांमुळे. डॉ. हमीद हुसेन जाफरी संयुक्त प्रांताच्या आरोग्य खात्यात होते. मुझफ्फरनगर, लखनौ, मिर्झापूर, कानपूर, अलीगढ, गोरखपूर, झाशी असं बिऱ्हाड फिरत राहिलं. ज्यांचे वडील बदलीच्या नोकरीत होते त्यांना ठाऊक आहे, नव्या गावात गेलं की पोरगं पहिल्या आठवड्यात तिथली बोली उचलतं, नाहीतर मार खातं. मिर्झापूर-गोरखपूरकडची पूरबी, झाशीची बुंदेली, अलीगढच्या मिंटो सर्कल शाळेतली घोटीव उर्दू, सगळं कानावर साठत गेलं. नकला करायची खोड अलीगढलाच लागली. तिथल्या टॉकीजमध्ये मोतीलाल, पृथ्वीराज आणि आपल्या दुर्गाबाई खोटे यांचे चित्रपट बघितले. मग मसुरीच्या विनबर्ग-अ‍ॅलन शाळेत साहेबी इंग्रजी आली. तिथल्या ‘जर्नीज एन्ड’ नाटकात त्यांनी रंगवला तो खंदकातला आचारी मेसन, अस्सल लंडनी कॉकनीत बोलणारा! लंडन बघायला अजून बरीच वर्षं होती.

अलाहाबाद विद्यापीठातून इंग्रजीत बी.ए. आणि मध्ययुगीन इतिहासात एम.ए. करून १९५१ साली ते दिल्लीच्या आकाशवाणीत इंग्रजी निवेदक म्हणून लागले. पगार अडीचशे रुपये. तेवढ्यात भाड्याची खोली परवडेना, म्हणून सुरुवातीच्या रात्री त्यांनी कचेरीच्या मागच्या बाकावर काढल्या. दिवसा रेडिओवर इंग्रजीत बोलायचं आणि रात्री बाकावर मुटकुळं करून झोपायचं! त्याच वर्षी त्यांनी ‘युनिटी थिएटर’ ही नाटकमंडळी काढली. कॉक्तोच्या नाटकाने तिची सुरुवात झाली आणि त्यात त्यांच्यासोबत होत्या मधुर बहादुर, म्हणजे पुढच्या मधुर जाफरी. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिका, तिथे नाट्यशास्त्राची पदवी, शेक्सपिअरचे दौरे, लग्न, तीन मुली. १९६२ साली ब्रॉडवेवर ‘अ पॅसेज टु इंडिया’त प्रोफेसर गोडबोले झाले. मूळ कादंबरीकार फॉर्स्टरने या ब्राह्मणाला मराठी आडनाव का दिलं हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. १९६६ साली संसार मोडला आणि ते लंडनचे झाले.

तिथली पहिली वर्षं ओढाताणीची होती. मोठा योग आला १९७५ साली, जॉन ह्यूस्टनच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’मध्ये. शॉन कॉनरी आणि मायकेल केन यांच्या बरोबरीने बिली फिश हा गुरखा त्यांनी रंगवला. मूळ गोष्ट किपलिंगची. ती पहिल्यांदा १८८८ साली छापली अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने, रेल्वे स्टेशनवर विकायच्या स्वस्त पुस्तकात. किपलिंग तेव्हा तिथल्या ‘पायोनियर’मध्ये नोकरीला होता, आणि तो ‘पायोनियर’ पुढे तुमच्या लखनौत आला. म्हणजे जाफरींना हॉलिवूडची वाटही अलाहाबादच्या फलाटावरूनच फुटली!

आता ‘शतरंज के खिलाडी’. प्रेमचंदांची गोष्ट १८५६च्या लखनौतल्या दोन बुद्धिबळवेड्या मित्रांची, अवध खालसा होण्याच्या दिवसांतली. पण नावं पाहा. दिग्दर्शक सत्यजित राय बंगाली, पटकथा इंग्रजीत लिहिणारे, उर्दूसाठी शमा जैदी आणि जावेद सिद्दिकींवर विसंबलेले. मिर्झा झालेले संजीवकुमार गुजराती. इंग्रजी पद्धतीच्या बुद्धिबळात वजिराची राणी होते हे नवाबांना समजावून देणारे मुन्शी नंदलाल म्हणजे आपले बेने इस्रायली डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आणि दुसरे मित्र मीर रोशन अली म्हणजे लंडनहून आलेले जाफरी. लखनौच्या या चित्रपटात लखनौचा कोण, असं विचारलं तर पंचाईत होईल.

तरी मीरसाहेब तोंड उघडतात आणि शंका संपते. त्यांचं ते तोंडात विड्याचा तोबरा असल्यासारखं सैल, ओलसर बोलणं! वाक्य संपायच्या आत स्वतःच खुदकन हसणं. ‘हम’ म्हणताना मागे सात पिढ्यांची जहागीर आहे अशी निवांत लय. एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल. मीरसाहेब अवेळी घरी परततात, बायकोच्या दालनात तिचा तरणाबांड प्रियकर लपलेला सापडतो. तो फारुख शेख. फौजेसाठी माणसं पकडून नेताहेत म्हणून लपलोय, अशी थाप मारतो. इथे एखादा नट बावळटपणा दाखवून हशा वसूल करील. जाफरी थाप गिळतात आणि त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी धास्ती येते, फौजेची! बायकोचं काय चाललंय हे या माणसाला कळत नाही, की कळून घ्यायचं नाही, याचा उलगडा ते शेवटपर्यंत होऊ देत नाहीत. प्रेमचंदांचे दोघे मित्र शेवटी एकमेकांना कापून मरतात. रायांच्या चित्रपटात मीरसाहेबांच्या पिस्तुलाची गोळी मित्राला चाटून जाते आणि डाव पुन्हा मांडला जातो. तिथे जाफरींचा पडलेला चेहरा पाहताना मला तरी मरण परवडलं असं वाटतं. फिल्मफेअरने सहायक अभिनेत्याचं पारितोषिक दिलं. सहायक कसले? पटाच्या दोन बाजूंपैकी एक बाजू त्यांची होती.

याच चित्रपटात जनरल आउट्रम होते रिचर्ड अ‍ॅटनबरो. पाचच वर्षांनी त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गांधी’त जाफरी सरदार पटेल झाले. त्यात आपले डॉ. लागू गोखले होते आणि रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा. जाफरींचे पटेल मला पटले नाहीत. बारडोलीचा लढा चालवणारा माणूस इतका नजाकतीने हसणार नाही.

पण लल्लन मियां! १९८१ साली आपल्या सई परांजप्यांनी ‘चश्मेबद्दूर’मध्ये त्यांना पानाच्या ठेल्यावर बसवलं. पुण्यात मी तो लागोपाठ दोनदा पाहिला. लल्लन मियां उधारी मागतात, पण शब्दाची अदब सुटत नाही. शिवी द्यायची वेळ आली तरी आधी दुपट्टा सावरून घेतील असा माणूस. गिऱ्हाईक कोण, तर पुन्हा फारुख शेख! मीरसाहेबांच्या पलंगाखाली लपलेला पठ्ठ्या आता त्यांच्याच चोपडीत नाव लावून सिगारेटी ओढत होता. बाईंनी हे जाणून केलं की योगायोगाने, देव जाणे. एका नवाबाला त्यांनी पानवाला केलं आणि भाषेला धक्का लागू दिला नाही, एवढं खरं.

त्यानंतर मुंबईने त्यांना बाप आणि काका-मामा यांच्या भूमिका डझनावारी दिल्या. ‘दिल’, ‘हिना’, ‘राम तेरी गंगा मैली’ ही त्यांतली गाजलेली. पैसा मिळाला असेल, पण माझ्या मते तो नटाचा अपव्यय होता. लंडनने कदर केली. ‘द ज्युएल इन द क्राउन’मधला मिरतचा नवाब आणि ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’मधला नासीर, ज्याच्यासाठी बाफ्टाचं नामांकन मिळालं. हा नासीर थॅचरबाईंच्या इंग्लंडात पैसा करणारा पाकिस्तानी, घरी बायको, बाहेर गोरी मैत्रीण, आणि तरी लोभस. तिथेही इंग्रजी वाक्याच्या तळाशी उर्दूची तीच सावकाश लय आहे.

आणि १९९७ साली बीबीसीने नभोवाणीवर विक्रम सेठची ‘अ सुटेबल बॉय’ सादर केली. ती कादंबरी तुमच्याच मुलखासारख्या एका कल्पित प्रांतातली. तिच्यातली ८६ पात्रं जाफरींनी एकट्याने उभी केली, नवाब, तवायफ, मंत्री, मोची, सासवा, सुना, सगळी. वडिलांच्या बदल्यांची सगळी गावं तिथे कामाला आली.

१५ नोव्हेंबर २०१५ रोजी ते लंडनमध्ये गेले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली, ती त्यानंतरच्या जानेवारीत.