ओळखीच्या नावाआडचा तोतया

(शाहूपुरी, कोल्हापूर येथील व्यापाऱ्यांपुढे केलेले भाषण)



राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसविली. त्या काळी गुळाचे सौदे शब्दावर होत आणि माणूस आवाजावरून, अक्षरावरून, सहीवरून ओळखला जाई. आज मागणी, बिल आणि बँकेचा तपशील ई-मेलने येतो. पत्रावरील नाव ओळखीचे असते. पत्र त्याच माणसाचे असेलच, असे नाही.

तोतया आपल्या इतिहासाला नवा नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे त्यांचे नाव सांगणाऱ्या तोतयास कोकणातील किल्लेही मिळाले. अखेर १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. लोक फसले, कारण ते नाव त्यांना प्रिय होते. आजचा तोतयाही प्रथम हेच हेरतो.

ई-मेलच्या पाठवणीचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा पाठविणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय त्यांत नव्हती. लिफाफ्यावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार. पडताळणीच्या पद्धती पुढे आल्या. पण त्या पत्ता तपासतात, माणूस नव्हे.

फसवणुकीचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यात नाव आपल्या माणसाचे, पण त्याखालचा पत्ता परका असतो. दुसऱ्यात पत्ता जवळजवळ तसाच असतो. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' जोडून लिहिले की घाईत डोळा चकतो. तिसऱ्यात मित्राची पेटीच चोराच्या हाती गेलेली असते. तेथे पत्ता खरा, जुना पत्रव्यवहारही खरा. खोटी असते ती फक्त मागणी.

म्हणून मागणीकडे पाहावे. "आमचे बँक खाते बदलले आहे", "रक्कम तातडीने पाठवा", "मी बैठकीत आहे, फोन करू नका", ही वाक्ये दिसताच हात आवरावा. पासवर्ड वा ओटीपी मागणारी लिंक उघडूच नये.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधील एका संचालकांना मोबाइलवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने संदेश आला आणि एक कोटीहून अधिक रुपये परक्या खात्यांत गेले. साधन ई-मेल नव्हते. युक्ती मात्र हीच होती. वरिष्ठांच्या आज्ञेविषयी वरिष्ठांनाच विचारावे कसे, या संकोचावर तोतया जगतो.

तेव्हा पेढीच्या मालकांना माझी विनंती आहे. आपल्या दिवाणजींना आजच सांगा, "माझ्या नावाने पैशांची मागणी आली, तर मला फोन करून विचार, मी रागावणार नाही." फोन आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर करावा, त्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. ई-मेलला दुहेरी पडताळणीही लावून घ्यावी.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

या पेठेचे भांडवल विश्वास आहे. एक फोन करून खात्री करणे हा त्या विश्वासाचा अपमान नव्हे; ती त्याची राखण होय.