लेचवर्थची शांत आळी



विलायतेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "लंडन कसं आहे हो?" पण आज मी आपल्याला लंडनविषयी सांगणार नाही. राजवाडा, पार्लमेंट, ते मोठे घड्याळ, हे सारे आपण चित्रांत पाहिलेलेच आहे. सामान्य इंग्रज माणूस काही तिथे राहत नाही. तो राहतो एखाद्या आडबाजूच्या शांत रस्त्यावर. खाली दोन खोल्या, वर दोन-तीन, पुढे हातभर बाग आणि मागे जरा मोठी, अशा घरात. अशाच एका आळीत मी एक वर्ष काढले. तिथली शांतता कशी असते, ती कोठून येते आणि तिची किंमत काय पडते, एवढेच आज सांगायचे आहे.

गावाचे नाव लेचवर्थ. लंडनच्या उत्तरेला सुमारे ३५ मैलांवर, हार्टफर्डशायर परगण्यात हे गाव आहे. मी पोहोचलो तो डिसेंबर महिना. त्या दिवसांत तिकडे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. रस्त्यावर दिवे लागलेले, दोन्ही बाजूंना ओळीने झाडे, घराघरांतून पडदे ओढलेले, आणि माणूस म्हणाल तर एकही नाही! पोरांचा गलका नाही, कुत्र्याचे भुंकणे नाही, कोणी कोणाला हाका मारत नाही. अहो, मला क्षणभर वाटले, गावात काही अशुभ तर घडले नाही ना? सकाळी जाग आली ती रानकबुतराच्या घुमण्याने. खिडकीतून पाहतो तो कुंपणावरून एक काळी खार धावत होती. त्या भागात काळ्या खारी आहेत, बरं का. आपल्या खारीसारखे पाठीवर पट्टे नाहीत; शेपटीसकट सगळी काळी.

आता ही शांतता आकाशातून पडलेली नाही. एका माणसाने ती कागदावर आखली होती. त्याचे नाव एबेनेझर हॉवर्ड. हा कोणी सरदार नव्हे की इंजिनियर नव्हे. पार्लमेंटातील भाषणे लघुलिपीत उतरवून घेणारा साधा लेखनिक. तरुणपणी अमेरिकेत नेब्रास्का प्रांतात जाऊन त्याने शेती करून पाहिली होती, पण ती काही त्याला साधली नाही. पुढे लंडनमधल्या धुराने भरलेल्या, दाटीवाटीच्या वस्त्या त्याने पाहिल्या आणि इकडे ओस पडत चाललेली खेडीही पाहिली. शहरातली कमाई आणि खेड्यातली हवा एकाच ठिकाणी का मिळू नये, हा त्याचा प्रश्न. १८९८ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. ६,००० एकर जमीन घ्यावी, त्यांतल्या १,००० एकरांवर गाव वसवावे, उरलेले ५,००० एकर शेतीला राखावेत आणि वस्ती ३२,००० वर जाऊ देऊ नये, असा त्याचा हिशेब होता. लोक हसले असतील. पण १९०३ साली सुमारे ३,८०० एकरांवर लेचवर्थचे काम सुरू झालेसुद्धा. जगातली ही पहिली उद्याननगरी. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या दोघा वास्तुकारांनी तिचा आराखडा केला.

त्यांनी केले काय? घरे विरळ ठेवली. एकरी बारांहून अधिक नाहीत. कारखाने गावाच्या पूर्वेला नेले, कारण तिकडे वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. गावाभोवती शेतीचा पट्टा राखला. जमीन घरवाल्यांच्या मालकीची न ठेवता संस्थेची ठेवली आणि तिच्या भाड्यातून गावाची सोय करावी असे ठरवले. गंमत म्हणजे सुरुवातीची पन्नासएक वर्षे गावात दारूचे दुकानही नव्हते. १९०७ साली 'स्किटल्स इन' नावाची खाणावळ निघाली ती दारूवाचूनच! हॉवर्ड १९२८ साली वारला. आज लेचवर्थची वस्ती ३३-३४ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे त्याचा आकडा फारसा चुकला नाही.

पण आराखडा झाला म्हणून शांतता टिकत नाही. ती रोज टिकवावी लागते. काही कामे कायदा करतो. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात मोटारीचा भोंगा वाजवायला मनाई आहे. १९९६ च्या कायद्याने रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत फार गोंगाट करणाऱ्या घरावर नगरपालिकेला कारवाई करता येते. शेजाऱ्याच्या सदाहरित कुंपणाने आपला उजेड अडवला आणि ते दोन मीटरपेक्षा उंच असले, तर त्याविरुद्ध दाद मागण्याचाही कायदा २००३ साली झाला. यावरून, श्रोतेहो, एक गोष्ट ध्यानात येईल. भांडणे तिकडेही आहेत. फक्त ती मोठ्याने होत नाहीत.

बाकीची कामे रीतभात करते. कोणाच्या घरी न कळवता जायचे नाही. रस्त्यात भेट झाली तर हवेबद्दल दोन वाक्ये बोलायची आणि पुढे चालायचे. पगार किती, लग्न झाले का, मुले किती, हे आपल्याकडचे पहिल्या भेटीतले प्रश्न तिकडे दहाव्या भेटीतही विचारत नाहीत. ठरलेल्या वारी कचऱ्याचे चाकांचे डबे दाराबाहेर लावायचे आणि गाडी येऊन गेली की त्याच दिवशी आत ओढून घ्यायचे. पहिल्यांदा मी डबा आत घ्यायला विसरलो. संध्याकाळी पाहतो तो कोणीतरी तो माझ्या फाटकाच्या आत नीट लावून ठेवला होता. कोणी, ते मला वर्षभरात कळले नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

माझे घर जोडघर होते. म्हणजे दोन बिऱ्हाडांना मधली भिंत एकच. पलीकडे ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहत. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांचा रेडिओ लागे. शब्द कळत नसत, नुसती गुणगुण भिंतीतून येई. दिसल्या की त्या हवेबद्दल बोलत, मीही बोले. सहा महिन्यांत आमची ओळख एवढीच.

एका मंगळवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली. सगळ्यांचे डबे आत गेले. त्यांचा तेवढा बाहेर राहिला. त्या संध्याकाळी रेडिओही लागला नाही. खरे सांगतो, मला ते बरेच वाटले. आज वाचन चांगले होईल म्हणालो, आणि अकरापर्यंत वाचत बसलो. सकाळी निघालो तरी डबा तिथेच, पडदे बंद. मी त्यांच्या फाटकाच्या कडीला हात घातला. पण मनात आले, आपल्याला कोणी बोलावले आहे का? बाई गावाला गेल्या असतील. आपण कोण चौकशी करणार? शिवाय गाडीची वेळ झाली होती. मी कडी तशीच सोडली आणि स्टेशनाकडे चालू लागलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा समोरच्या बाई दारात उभ्या होत्या. दहाच्या सुमारास बंद पडदे त्यांच्या नजरेस आले होते. त्यांच्याजवळ किल्ली होती. आत जाऊन पाहतात तो शेजारच्या बाई बैठकीच्या खोलीत जमिनीवर. आदल्या दुपारी सतरंजीच्या कडेला पाय अडकून त्या पडल्या होत्या. खुबा मोडला होता. टेलिफोन बाहेरच्या बोळात. तिथवर सरकता येईना. जवळजवळ वीस तास त्या तशाच पडून होत्या, आणि भिंतीच्या अलीकडे मी हातभर अंतरावर पुस्तक वाचत होतो.

त्या वाचल्या. बऱ्याच आठवड्यांनी काठी टेकत घरी आल्या. मी फुले घेऊन गेलो, क्षमा मागितली आणि विचारले, "आपण भिंत का नाही ठोठावलीत? मला ऐकू आलं असतं." त्या ओशाळून म्हणाल्या, "विचार आला होता. पण रात्र झाली होती. तुम्हाला त्रास झाला असता."

मी फाटकावरून परतलो तोही त्यांना त्रास होऊ नये म्हणूनच की! दोघेही सभ्य, आणि मध्ये भिंत.

ही एका आळीची गोष्ट नव्हे. २०२१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समधल्या दर दहा बिऱ्हाडांपैकी सुमारे तीन एकट्या माणसाची निघाली. २०१८ च्या जानेवारीत तिथल्या सरकारने एकाकीपणाच्या प्रश्नाकडे पाहण्याचे काम मुद्दाम एका मंत्र्याकडे सोपवले. आपल्याला हे ऐकून नवल वाटेल. मला आता वाटत नाही.

मग ती शांतता वाईट का? नाही, मी तसे म्हणणार नाही. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले वाचन त्या वर्षात झाले. तिथे आजारी माणसाला झोप मिळते, मुलाला अभ्यास करता येतो. परीक्षेच्या दिवसांत आपल्या गावात रात्री बारापर्यंत कर्णे वाजत असतात तेव्हा मास्तर मंडळींना काय वाटते, ते मी वेगळे सांगायला नको. शेजाऱ्याच्या झोपेची काळजी करणे हीही एक माणुसकीच आहे. माझा डबा न बोलता आत लावणारा माणूस त्याच आळीतला, आणि किल्ली जपून ठेवणाऱ्या समोरच्या बाईही तिथल्याच. त्यांना गप्प राहणेही कळत होते आणि गप्प केव्हा राहू नये तेही. मला तोवर पहिलेच कळले होते.

पुढे शेजारच्या बाईंनी मलाही एक किल्ली दिली. आमच्यात एक करार झाला. संध्याकाळी सातला रेडिओ लागला नाही, तर मी भिंतीवर दोनदा ठोठवायचे. पलीकडून दोनदा उत्तर आले की काळजी नाही. उरलेल्या महिन्यांत मला तीनदा ठोठवावे लागले. तिन्ही वेळा उत्तर आले. दोनदा त्यांचा डोळा लागला होता, आणि एकदा कार्यक्रम आवडला नाही म्हणून त्यांनीच रेडिओ बंद केला होता!

आपणही आता कार्यक्रम संपला की रेडिओ बंद कराल. तेव्हा शेजारच्या घरातून रोजचा आवाज येतो आहे ना, एवढे जरा कान देऊन ऐका.