डब्यावरची ग्वाही
(रेडिओवरील भाषण)



पारनेर तालुक्यातल्या कोणत्याही गावी पहाटे फटफटण्याच्या सुमारास सडकेला लागले, की पोलीस भरतीची वा लष्करी भरतीची तयारी करणारी मुले, आणि अलीकडे मुलीही, रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. पोलीस भरतीत धावण्याच्या दोन शर्यती आणि गोळाफेक मिळून पन्नास गुण, आणि त्या पन्नास गुणांवर घराचे पुढचे सारे दिवस ठरावयाचे, असा तो मामला असल्यामुळे ज्या निष्ठेने ही मुले देह झिजवतात ती पाहून कोणाही विचारी माणसाच्या मनात आदरच उत्पन्न व्हावा. सेनापती बापटांच्या जन्मगावाला शारीरिक तपश्चर्येचे मोल कोणी परक्याने येऊन समजावून सांगण्याची गरजही नाही. परंतु या तपश्चर्येच्या आसऱ्याने गेल्या काही वर्षांत एक व्यापार आपल्या गावांतून पसरला आहे, आणि त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. ज्या घरी सकाळ-संध्याकाळ गाईचे दूध डेअरीला घातले जाते आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर किराणा भागवला जातो, त्याच घरातला मुलगा दोन-तीन हजार रुपये मोजून प्रोटीन पावडरचा डबा आणतो. आणि त्या डब्यातली ‘व्हे’ नावाची वस्तू म्हणजे चीज तयार करताना दुधातून निथळून निघालेल्या पाण्यातली प्रथिने सुकवून केलेली भुकटी असते. घरचे दूध विकावयाचे आणि दुधाच्याच निथळाची भुकटी अवाच्या सवा किमतीला विकत घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे.

प्रोटीन पावडर, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, वनस्पतींचे अर्क, वजन उतरवण्याची पेये, या सगळ्यांना मिळून आता ‘सप्लिमेंट’ हेच नाव रूढ झाले आहे. ही वस्तू औषधांत मोडत नाही, म्हणून औषधाला लागू असलेली कठोर परीक्षा तिला द्यावी लागत नाही. आणि ती साध्या अन्नातही जमा होत नाही, कारण अन्नापेक्षा तिची किंमत आणि तिच्याविषयीची आशा कितीतरी मोठी असते. अशा मधल्या जागेत वाढलेल्या धंद्याची खरी पारख त्याच्या भरभराटीवरून होत नाही. त्याच्या मालाविरुद्ध पुरावा पुढे येतो तेव्हा तो कोणती कैफियत देतो, यावरून त्याची नियत कळते.

असा पुरावा आपल्या देशात एप्रिल २०२४ मध्ये पुढे आला. केरळातील यकृतरोगतज्ज्ञ डॉ. सिरिअॅक अॅबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे सत्तर टक्के डब्यांवर प्रथिनांचे जे प्रमाण छापले होते ते आतल्या मालाशी जुळले नाही. सुमारे चौदा टक्के नमुन्यांत बुरशीपासून निर्माण होणारी अफ्लाटॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये आढळली, तर सुमारे आठ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. अफ्लाटॉक्सिन हे यकृताला अपाय करणारे, दीर्घकाळ पोटात गेल्यास कर्करोगाला कारण होणारे विष आहे. ओल लागून बुरसटलेल्या शेंगा आपल्याकडच्या बाया निवडून बाजूला काढतात त्या याच भीतीने. मोहोरबंद डब्यातली भुकटी मात्र कोणाला निवडता येत नाही.

छापलेले प्रमाण आणि प्रत्यक्ष प्रमाण यांत तफावत कशी राहू शकते, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रथिने मोजण्याची जी जुनी आणि स्वस्त रीत आहे, तीत प्रथिन थेट मोजलेच जात नाही. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला बहुधा ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात. आता ज्याला लबाडी करावयाची आहे, त्याने महाग प्रथिनाऐवजी ग्लायसीन किंवा टॉरीन यांसारखे स्वस्त आणि नायट्रोजनयुक्त द्रव्य भुकटीत मिसळले, तर या रीतीने केलेल्या चाचणीत आकडा भरतो आणि डबा मात्र रिताच राहतो. चीनमध्ये २००८ साली दुधात पाणी घालून नायट्रोजनचा आकडा भरून काढण्यासाठी मेलामाइन मिसळले गेले. त्या दुधाच्या भुकटीने सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. मोजण्याच्या रीतीतली एवढीशी फट किती महागात पडू शकते, याचा तो दाखला होय.

या धंद्याची कैफियत कशी असते हे समजण्यासाठी तीस वर्षे मागे जावे लागते. बीटा-कॅरोटिन म्हणजे गाजरातले पिवळे द्रव्य. ते पोटात गेल्याने कर्करोग टळतो अशी समजूत होती, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी पाहणी झाली आणि १९९४ साली निकाल लागला, की ज्यांना या गोळ्या दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत याच स्वरूपाची दुसरी पाहणी चालू होती, तिच्यातही अपाय दिसू लागल्याने ती १९९६ च्या आरंभी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. पुढे ई जीवनसत्त्वाची पाळी आली. पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवरील पाहणीत, त्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग सतरा टक्क्यांनी वाढलेला २०११ साली नोंदला गेला.

उत्पादकांचे उत्तर दरवेळी जवळपास तेच होते. पाहणीतले लोक धूम्रपान करणारे होते, ते आमचे नेहमीचे ग्राहक नव्हेत. मात्रा निराळी होती, द्रव्याचा प्रकार निराळा होता. आमच्या गोळ्या रोग टाळण्यासाठी नसून आहारातील उणीव भरून काढण्यासाठी आहेत. न्यायबुद्धीने पाहिले तर यातले काही आक्षेप खरेही आहेत. धूम्रपान करणाऱ्यांचा निकाल सर्वांना जसाच्या तसा लागू होत नाही. २०१५ साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी वनस्पतिजन्य गोळ्यांची तपासणी डीएनएच्या साहाय्याने केली, तेव्हा अर्क काढताना डीएनए नष्ट होते, म्हणून ही चाचणी गैरलागू आहे, असे उत्पादकांनी म्हटले. ते अगदीच निराधार नव्हते, आणि त्या चौकशीतून एका मोठ्या कंपनीने कच्च्या मालाची तपासणी वाढवण्याचे कबूल केले, ही चांगलीच गोष्ट घडली. माझा आक्षेप निराळा आहे. प्रतिकूल संशोधन निघाले, की त्याची मात्रा, मुदत, पद्धत यांची जी बारीक छाननी होते, ती अनुकूल संशोधनाच्या वाट्याला कधी येत नाही. दहा-वीस माणसांवर केलेला, कंपनीच्याच पैशाने झालेला प्रयोग ‘शास्त्राने सिद्ध’ म्हणून डब्यावर चढतो आणि हजारो माणसांवर झालेला प्रयोग अपुरा ठरतो. साक्षीदार आपल्या बाजूचा असला की त्याला उलटतपासणीच नको, ही वहिवाट न्यायाच्या कचेरीत कोणी चालू दिली नसती.

आणि या कैफियतीचा सर्वांत परिणामकारक भाग तर कायदेमंडळात मांडला गेला. फिनलंडचा निकाल लागला त्याच वर्षी, म्हणजे १९९४ साली, अमेरिकेत उत्पादकांच्या मोठ्या मोहिमेनंतर असा कायदा संमत झाला, की सप्लिमेंट बाजारात आणण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे सरकारपुढे सिद्ध करण्याची गरज नाही. ते अपायकारक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. या व्यवस्थेचे मोल इफेड्रा या वजन उतरवणाऱ्या वनस्पतीच्या बाबतीत दिसून आले. तिच्याविषयीच्या तक्रारी वर्षानुवर्षे साठत गेल्या, फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेक्लर हा अवघ्या तेवीस वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावाच्या वेळी उष्माघाताने कोसळून मृत्यू पावला आणि त्याने इफेड्रा घेतल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा कुठे २००४ साली बंदीचा हुकूम अमलात आला. तोही खेळाडूच होता, आणि त्यालाही वजन उतरवावयाचे होते.

आपल्याकडचा कायदा कागदावर याहून बरा आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने आणि त्याखालील २०१६ च्या नियमांनी या मालाला स्वतंत्र चौकट घालून दिली. रोग बरा करण्याचा दावा मना केला, आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ हे डब्यावर छापणे सक्तीचे केले. एखादा डबा हाती घेऊन पाहावा. पुढच्या बाजूला पिळदार दंडाचे चित्र आणि प्रथिनांचा ठळक आकडा. मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, तो औषध नसल्याची सूचना, ठरलेल्या मात्रेपेक्षा अधिक घेऊ नये अशी ताकीद, आणि चौदा अंकी परवाना क्रमांक. यातले माझ्या मनाला सर्वाधिक टोचते ते असे, की हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी कायद्याची पूर्तता होते, आणि प्रत्यक्षात तो बहुधा इंग्रजीतच असतो. मालाची जाहिरात मात्र आपल्या मोबाइलवर स्वच्छ, रसाळ मराठीत येते. आशा मायबोलीत आणि इशारा परभाषेत, हा भेद दुर्लक्षिण्यासारखा नाही.

संशोधकांशी आपल्याकडच्या कंपन्या कशा वागल्या, तेही सांगितले पाहिजे. वजन उतरवण्याची उत्पादने घेतल्यानंतर केरळातील एका तरुणीचे यकृत निकामी होऊन ती दगावल्याचा लेख याच डॉ. फिलिप्सांनी सहकाऱ्यांसह एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा ती उत्पादने विकणाऱ्या हर्बालाइफ कंपनीने लेखातील चाचण्यांवर आक्षेप घेतले आणि पुढे प्रकाशकांनी तो लेख कायदेशीर कारणास्तव मागे घेतला. शास्त्रीय लेखाला उत्तर द्यावयाचे तर दुसरा शास्त्रीय लेख लिहावा, आपल्या मालाच्या चाचण्या उघड कराव्यात. वकिलाच्या पत्राने प्रश्न बंद होतो, त्याचे उत्तर मिळत नाही. बोर्नव्हिटातील साखरेविषयी २०२३ साली एका तरुणाने चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यालाही प्रथम कायद्याची नोटीसच मिळाली आणि त्याने चित्रफीत मागे घेतली. काही महिन्यांनी मात्र कंपनीने साखरेचे प्रमाण कमी केले. एप्रिल २०२४ मध्ये ‘हेल्थ ड्रिंक’ असा वर्गच कायद्यात नाही, असा खुलासा सरकारकडून झाला, तेव्हा काही पेयांवरचे ‘आरोग्य’ उतरले आणि त्या जागी दुसरे भारदस्त नाव चढले. डब्यातली वस्तू बहुतांशी तीच राहिली.

मी गोळ्यांचा सरसकट वैरी नाही. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्याने बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ साली निर्विवाद सिद्ध झाले. लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी आपल्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर स्त्रीला निदान १८० दिवस विनामूल्य मिळते. देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आहे, आणि तरीही मळमळते, तोंड कडवट होते, शौचाला काळी होते, म्हणून ती पुडी कित्येक घरांत फडताळातच पडून राहते. तिची जाहिरात कोणी करीत नाही, कारण तिच्यात कोणाचा नफा नाही. जिची परीक्षा झाली ती गोळी फुकट असून नकोशी आणि जिची झाली नाही ती भुकटी कर्ज काढून हवीशी, ही स्थिती पालटण्यासाठी आशाताईंनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून बोलले पाहिजे.

भरतीच्या मुलांसाठी थोडा हिशेब मांडतो. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. अंगमेहनतीचा सराव करणाऱ्याला त्याहून अधिक लागतात, हेही खरे. तीनशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे तेहतीस ग्रॅम, साठ ग्रॅम मटकीच्या उसळीतून बारा, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून तितकीच, आणि डेअरीला घालण्यापूर्वी घरात ठेवलेल्या अर्ध्या लिटर दुधातून सोळा. बेरीज सत्तरच्या वर गेली. वर दोन अंडी घेतली तर आणखी बारा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही प्रोटीन पावडर टाळण्याचाच सल्ला दिला आहे. हे सारे असून ज्याला डबा घ्यावयाचाच असेल, त्याने तो व्यायामशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून कच्च्या हिशेबावर घेऊ नये. पक्की पावती घ्यावी, परवाना क्रमांक आणि घाण्याचा (बॅच) क्रमांक पाहावा, आणि काविळीची लक्षणे दिसताच डबा घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या चाळिसाव्या कलमान्वये कोणाही खरेदीदाराला, विकत घेतेवेळीच दुकानदाराला तशी कल्पना देऊन, आपण घेतलेला माल सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. माल कायद्याच्या विरुद्ध निघाला तर भरलेली फी परत मिळते. दहा-बारा मुले मिळून वर्गणी काढून धावण्याचे बूट आणतात, तशी त्यांनी एकदा एका डब्याच्या तपासणीसाठी वर्गणी काढावी, आणि मिळालेला दाखला अन्न व औषध प्रशासनाच्या अहिल्यानगरच्या कचेरीत तक्रारीसह दाखल करावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.