पावावरची नारिंगी बुरशी



१८४० च्या दशकात पॅरिसमध्ये पावावर नारिंगी बुरशी माजली. तिचे नाव न्यूरोस्पोरा. हा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा; गाजराचा रंगही याच कुळातला. अंधारात वाढलेले तिचे तंतू फिकट राहतात. निळा प्रकाश मिळाला की तेच तंतू रंगद्रव्य तयार करून नारिंगी होतात. याच बुरशीवर बीडल व टेटम यांनी प्रयोग केले आणि जनुके व एन्झाइम यांचा संबंध १९४१ साली दाखवून दिला. १९५८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पालकहो, बुरसटलेला पाव मुलांना खाऊ देऊ नका. परंतु "हा रंग कुठून आला?" असे मुलाने किंवा मुलीने विचारले तर रागावू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्यांना शास्त्राच्या शिक्षकांकडे अवश्य पाठवा.