‘वापर’ या शब्दाचा हिशेब



‘वापर’ हा शब्द आपण फार सैलपणे योजतो. पाण्याच्या बाबतीत हा सैलपणा महागात पडतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात नदीकाठी खडी-वाळूची खाण खोल गेली, की भूजल उघडे पडते आणि उन्हाने त्याची वाफ होते. १९८० नंतर उघड्या पडलेल्या अशा पाण्याची भरपाई खाणवाल्याने करावी, असा तेथील कायदा आहे. त्यासाठी तो एखाद्या जुन्या शेताचा पाणीहक्क विकत घेतो व ते शेत कोरडे ठेवतो. मग प्रश्न येतो, त्या शेताने पूर्वी किती पाणी वापरले? पाटात घेतले तितके नव्हे. पिकाने व मातीने हवेत सोडले तितकेच. उरलेले पाझरून नदीला मिळते. त्यावर खालच्या गावांचा हक्क असतो.

आपल्या तापीला मिळणाऱ्या पांझरेवर, धुळे जिल्ह्यात, शतकांची फड पद्धत आहे. एका फडात एकच पीक, पाणी देणारा पाटकरी. तेथे पाणी मापाने मोजलेले नसले, तरी फडाचे क्षेत्र, पीक आणि हंगाम कळला, की पिकाच्या गरजेतून पावसाचा वाटा वजा करून अंदाज बांधता येतो. दुष्काळी वर्षे मात्र वेगळी धरावी लागतात.

सुरत तापीच्या मुखाशी वसली आहे. वरच्या अंगाला कोणी पाटातले सगळेच पाणी ‘वापर’ समजून खाणीला वा कारखान्याला दिले, तर कागदावर हिशेब जुळेल. तूट मात्र आपल्या दारी येईल. घेतलेले पाणी निराळे, खर्चलेले निराळे. एवढा विवेक शब्दांत राखला, तरी गुरुजनांच्या स्मृतीस ते खरे वंदन ठरेल.