‘थोडा गोरा कर’



प्रतापगड म्हटलं की तुम्हाला सातारा नि १६५९ आठवतं. माझं प्रतापगड ते नाही. ते गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. डोंगरावर जुना किल्ला, महाशिवरात्रीची जत्रा, आजूबाजूला धानाच्या बांध्या. माय रोवण्याला जायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची.

माझी पहिली चित्रशाळा म्हणजे झाडीपट्टी नाटकाचा पडदा. दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर नाटक. लोक नट बघायचे, मी मागचा राजवाडा बघायचो. सपाट कापडावरचा खांब गोल कसा दिसतो, हेच कोडं.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली. पुढचं कॉलेज परवडलं नाही. फ्लेक्सच्या दुकानात लागलो. त्याच फ्लेक्सनं पडदे नि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे ब्रश वाळवले होते, हे ठाऊक होतं. पण पोट आधी.

कोरल ड्रॉ, फोटोशॉप तिथंच शिकलो. मोबाईलमधला बारका फोटो दहा फूट ताणला की चेहऱ्याचे चौकोन होतात. व्हेक्टरची रेषा मात्र गणितानं बनते. कितीही मोठी करा, फुटत नाही. हे कळलं त्या रात्री झोपच आली नाही.

आणि दिवसा? गिऱ्हाईक म्हणायचं, ‘थोडा गोरा कर.’ वाढदिवस, गोरा कर. लग्न, गोरा कर. एकदा १४ एप्रिलच्या फ्लेक्ससाठी आपलीच पोरं आली. बाबासाहेबांचा फोटो पाहून म्हणाली, ‘दादा, जरा उजळ करा.’

आणि मी केलं. कर्व्ह वर ओढला, दोन सेकंदांत. साला, हात थरथरलासुद्धा नाही! मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली; तिची राख माझ्या माऊसखाली गरम होती.

पुढं नागपूरच्या सावी सावरकरांची एचिंग पाहिली. गळ्यात मडकं बांधलेला माणूस, काळ्या शाईत उभा. त्याला कुणी उजळ करून दाखवावं!

नोकरी सोडली नाही. सेकंडहँड टॅब्लेट घेतला. क्रिता फुकट मिळतं. रात्री मायचा चेहरा काढतो. यंत्राच्या हिशेबात काळा म्हणजे लाल शून्य, हिरवा शून्य, निळा शून्य. म्हणजे उजेडच नाही! मायच्या कातडीत मी तिन्ही आकडे भरतो. लाल जास्त, गालावर बांधीतल्या पाण्याचा निळा.

तिला दाखवलं. म्हणाली, ‘येवढी कारी काहून काढलास मले?’

मी गप्प बसलो. फाईल मात्र बदलली नाही.